मदत हवी आहे: चर्चच्या मनोऱ्याची उंची कशी काढू?

खानापूर तालुक्यातलं आमच्या गावचं जुनं चर्च पावसाळ्याआधी उतरवणार आहेत. तोवर दर्शनी बाजू मापात काढून ठेवायचीय. ए-३ कागद, प्रमाण १:५०, म्हणजे मीटरला २ सेंटिमीटर.

फादरांची परवानगी आहे, खालची मापं टेपनं घेतली. अडलंय घंटेच्या मनोऱ्यापाशी. चिऱ्याचे थर मोजावेत तर वर सगळा गिलावा. सावली धरावी तर ती शेजारच्या कौलांवर चढते. मागे सरकायला जेमतेम १५ फूट, त्यामुळे मोबाइल वर करावा लागतो आणि फोटोत भिंती आत झुकतात. एवढी उंच शिडी नाही. ड्रोन तर सुचवूच नका, परवडणारा नाही.

भिंतीला मापाची काठी टेकवून फोटोवरून हिशेब केला तर कितपत चुकेल? की कोनमापकाला ओळंबा बांधून टॅनचं गणितच करू?