अनोळखी माणसाने पैसे मागितले तर? तुमचे अनुभव सांगा

परवा बसची वाट बघत उभी होते. साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ जवळ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. म्हणाले पाकीट मारलं गेलं, तिकिटापुरते पैसे द्या, घरी पोचलो की परत पाठवतो, तुमचा नंबर लिहून घेतो. मी "सॉरी, सुटे नाहीयेत" म्हटलं आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. सुटे होते. बस निघाली तेव्हा खिडकीतून पाहिलं तर ते तिथेच उभे, दुसऱ्या कोणाकडे मागत नव्हते, नुसतेच उभे. तेव्हापासून ते काही डोक्यातून जाईनात. खोटारडे असते तर लगेच पुढच्या माणसाकडे गेले असते ना? की मी बघतेय म्हणून थांबले होते?

तुम्ही देता का, कसं ठरवता, कधी फसलात का, न दिल्याची चुटपुट लागली का, सगळं लिहा. भीक द्यावी की नाही हा वाद कृपया नको, घडलेलं सांगा.

*

मी देऊन फसलोय. स्टेशनबाहेर एका काकांना दिले, आजारी बहिणीकडे जायचं होतं त्यांना. दोन महिन्यांनी तेच काका, तीच बहीण, तेच वाक्य. मी म्हटलं, "काका, अजून पोचला नाहीत?" ओशाळतील असं वाटलेलं. कसलं काय, हसले आणि म्हणाले, "तुम्ही दिलेत ना मागच्या वेळी? मग आता राहू द्या." आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळले. राग यायला हवा होता पण मला हसूच आलं.

*

म्हणूनच रोख द्यायचे नाहीत, वस्तू द्यायची, हा आमच्याकडचा नियम. एक बाई तिकिटाला पैसे मागत होत्या, मी म्हटलं चला, मीच काढून देते. निमूटपणे आल्या, माझ्यासोबत रांगेत उभ्या राहिल्या, तिकीट हातात दिलं, हात जोडले. मी एकदम खूश, बघा, खरीच गरज होती. बाहेर आले तर छत्री खिडकीपाशीच राहिलेली, परत गेले, तर बाई त्याच खिडकीवर तिकीट रद्द करून पैसे मोजून घेतायत. घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "निदान दोनदा रांगेत उभं राहून कमावले तिने." यावर काय बोलणार.

*

देत नाही. कोणालाच नाही. एकाला द्यायचे आणि दुसऱ्याला नाही हे चेहऱ्यावरून ठरवायला मी कोण? दर महिन्याला एका संस्थेला ठरलेली रक्कम जाते, विषय संपला.

*

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी मागितलेत. कॉलेजात होते, परीक्षा देऊन परत निघाले तर पर्स हॉलवरच विसरलेली, हॉलला कुलूप, तेव्हा मोबाईल नव्हता. स्टँडवर आले, आता मागण्याशिवाय गत्यंतर नाही हे कळायलाच अर्धा तास गेला. पहिल्या माणसापाशी जाऊन "एक्स्क्यूज मी" म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना, तो निघून गेला. मग मनात वाक्य घोटवलं, की मी कॉलेजात शिकते, पर्स विसरले, उद्या आणून देईन. आणि गंमत म्हणजे पाठ केल्यावर ते अगदी खोटं वाटायला लागलं, माझं मलाच!! लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मी हॉल तिकीट दाखवायची, विषय सांगायची, पर्सचा रंग सांगायची, आणि जितकं जास्त सांगीन तितका समोरचा मागे सरकायचा. सात-आठ जणांना विचारलं. एक बाई तर पर्स छातीशी धरूनच ऐकत होत्या, तो हात अजून डोळ्यासमोर आहे.

शेवटी झाडू मारणाऱ्या एक मावशी, त्यांना मी विचारलंही नव्हतं, त्या बराच वेळ बघत असाव्यात. जवळ आल्या. मी परत माझी टेप सुरू केली तर म्हणाल्या, "पुरे गं, किती पाहिजेत ते सांग." कंबरेची पिशवी काढली आणि दिले. आठवड्याने परत द्यायला गेले तर त्यांना मी आठवतच नव्हते. "असेल बाई," म्हणाल्या आणि ठेवून घेतले. तेव्हापासून कोणी अडखळत मागायला लागलं की मी गोष्ट पूर्ण ऐकूनच घेत नाही. फसतही असेन, हिशोब ठेवलेला नाही.

*

वरचं वाचून कसंतरी झालं, कारण पर्स छातीशी धरणाऱ्यांत मी आहे.

*

मूळ प्रश्नातलं "मोबाईलमध्ये डोकं घातलं" वाचून एक प्रयोग आठवला. १९७३ साली डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला. त्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. निम्म्यांचा भाषणाचा विषय काय, तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट! पण तो विषय असण्या-नसण्याने थांबण्यात खास फरक पडला नाही, फरक पडला घाईने. ज्यांना निवांत वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झालाय असं सांगितलेलं त्यांच्यातले १० टक्के. त्यामुळे ताई, तुमची बस यायची होती, एवढं मनाला लावून घेऊ नका. (मी स्वतः बस नसतानाही देत नाही, ते वेगळं.)

अजून एक, १९९४ चा. रस्त्यावर मागताना "सुटे आहेत का" म्हणण्याऐवजी नेमके "१७ सेंट" किंवा "३७ सेंट" मागितले तर जास्त लोकांनी दिले. विचित्र आकडा ऐकला की सवयीने निघणारा नकार अडकतो आणि माणूस क्षणभर विचार करतो, असं प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं. आता कोणी माझ्याकडे विषम आकडा मागितला की मलाच संशय येतो, हा पण वाचून आलाय की काय!

*

ऑनलाईनचं कोणी लिहिलं नाही अजून. शाळेतल्या मित्राच्या अकाऊंटवरून मेसेज, अडचणीत आहे, अर्जंट पाठव, संध्याकाळी देतो. मी विचारलं गणिताच्या सरांना आपण काय म्हणायचो? उत्तर आलं, "मस्करीची वेळ नाही रे." तिथेच कळलं. फोन केला तर अकाऊंट हॅक झालेलं, हा आपला घरी झोपलेला. प्रकार जुनाच आहे, एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने पत्रं यायची, सुटकेला पैसे पाठवा, नंतर खजिन्यात वाटा देतो. तेव्हा पत्रं होती, आता मेसेज आहेत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वर्षभराने दुसऱ्या एका मित्राचा तसाच मेसेज, मी हुशारीने तोच सरांचा प्रश्न टाकला. तो खरा होता, वडिलांना ॲडमिट केलेलं, बिलिंगच्या खिडकीपाशी उभा होता. त्याने सरांचं नाव बरोबर लिहिलं आणि पुढे लिहिलं, "पास झालो का?" पैसे मी लगेच पाठवले, त्यानेही वेळेत परत केले. बोलणं आहे आमचं, पण पूर्वीसारखं नाही. फोन करायला हवा होता मी, प्रश्न नको होता टाकायला.

*

मला ते "नंबर द्या, परत पाठवतो"वाले भेटलेत. मी दिला नंबर, पैसेही दिले, गेले म्हणूनच दिले. रात्री मेसेज आला, "सुखरूप पोचलो, देव तुमचं भलं करो." मी तर भारावूनच गेलो, चार जणांना दाखवला. पैसे काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभात आलं, गुलाबाच्या फोटोसकट. तिसऱ्या दिवशीही. आता तीन वर्षं होतील, एक दिवस खाडा नाही. मध्ये चार दिवस आलं नाही तर मीच विचारलं, तब्येत बरी आहे ना? व्हायरल होता म्हणे. पैशांचा विषय आता कुठल्या तोंडाने काढू?