अनुभव धागा : ‘हूट’ वाचताना तुम्ही कुठे अडकलात?

कार्ल हायासेन यांची ‘हूट’ ही मुलांसाठीची कादंबरी २००२ साली आली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. फ्लोरिडातल्या कोकोनट कोव्हमध्ये पॅनकेक हाउससाठी राखलेला प्लॉट, तिथेच जमिनीत बिळं करून राहणारी चिमुकली घुबडं आणि गावात नवा आलेला शाळकरी मुलगा रॉय. गोष्ट पुन्हा सांगत बसू नका. लेखनातलं काय भिडलं किंवा खटकलं, ते लिहा.

शिकवताना वाचलेली
वर्गात ‘संघर्ष’ हा मुद्दा घेत होते. डेना हा दांडगट मुलगा बसमध्ये रॉयचं तोंड खिडकीच्या काचेवर दाबतो, ते सगळ्यांना नुसतं शाळेतलं भांडण वाटलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “पण बाई, तोंड दाबलं म्हणूनच त्याला बाहेर पळणारा अनवाणी मुलगा दिसला ना!” पुढचं कथानक तिथूनच सुटतं. मग फळ्यावर डेना आणि घुबडांच्या प्लॉटवरचा बुलडोझर शेजारी शेजारी लिहिले. दोघांचा जोर एकाच गोष्टीवर, समोरचा लहान आहे यावर. बाकी धडा मुलांनीच पुढे नेला.

लेकीबरोबर वाचणारा
फिरत्या संडासात मगरी सोडल्यात, हे वाचताना दोघंही पोट धरून हसलो. पोलीस अधिकारी डेलिंको गाडीत झोपतो आणि कुणीतरी गाडीच्या काचा काळ्या रंगवून जातं, तिथेही. त्याच हसण्यात तिनं विचारलं, “बाबा, पण हे चालतं का?” मी काही बोललो नाही, कारण पुस्तकही घाईनं बोलत नाही. म्युलेट फिंगर्स, म्हणजे तो अनवाणी मुलगा, प्लॉटवरच्या आखणीच्या खुंट्या उपटतो. रॉयला घुबडांची कळकळ तितकीच, पण कायदा मोडायचा म्हटलं की त्याचा पाय अडखळतो. दोन पात्रं अशी समोरासमोर ठेवल्यामुळे उपदेशाची गरजच उरत नाही. शेवटी फाइलमधून गायब झालेला पर्यावरण अहवाल महत्त्वाचा ठरतो, तेव्हा लेक जरा हिरमुसली. तिला आणखी मगरी हव्या होत्या! मला मात्र रॉयचं मोठं होणं तिथेच दिसलं. राग आलेला असताना कागद शोधायला जाणं सोपं नसतं.

पक्षी बघणारी
घुबडांना नावं नाहीत, संवाद नाहीत, याबद्दल लेखकाचे आभार. ही घुबडं दिवसाही बिळाच्या तोंडाशी लांब पायांवर उभी दिसतात, मान खालीवर करतात. तेवढंच पुरतं. कागदाचा मुद्दाही हवेतला नाही. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९१८ चा कायदा आहे; परवान्याशिवाय अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडता येत नाही. म्हणजे कथेतली अडचण कायद्यातूनच उगवलेली आहे.

थोडं खटकलं
पॅनकेक हाउसच्या कंपनीचा साहेब चक मकल अगदीच व्यंगचित्र झालाय. घुबडांच्या मुळावर उठलेली माणसं बऱ्याचदा सभ्य असतात, फाइल नीट लावतात. त्यापेक्षा डेलिंको आवडला. काही प्रकरणं त्याच्या नजरेतून येतात, त्यामुळे ‘मुलं विरुद्ध मोठी माणसं’ असा सरळ सामना होत नाही. बढतीची आस असलेला हा साधा माणूस त्या घुबडांकडे बघतो आणि चुळबुळायला लागतो. माझ्या मते पुस्तकात रॉयइतकाच तोही बदलतो.

स्थलांतरित वाचक
रॉय मोंटानाहून आलाय, त्याला डोंगर आठवत राहतात. सपाट फ्लोरिडा त्याला रुचत नाही. मग खाडीत तो अनवाणी मुलगा नुसत्या हातांनी मासा पकडताना दिसतो, आणि जागेचं वर्णन हळूहळू बदलायला लागतं. गाव तेच, विशेषणं वेगळी. मी ती पानं पेन्सिल घेऊन परत वाचली.