मदत हवी आहे : बंदुकीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या कशा विकाव्यात?

सप्रेम नमस्कार.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. यजमानांना नेमबाजीचा छंद असल्याने, रेंजवरून परवानगी घेऊन आणलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांनी गराजमधल्या बादल्या भरल्या आहेत आणि आता घर बदलण्यापूर्वी त्या विकायच्या आहेत. बहुतेक पुंगळ्या ९ एमएम मापाच्या आहेत, काही .२२३च्या आहेत. तळाशी .२२च्या रिमफायर (ज्यांत ठिणगी पाडणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते) निघाल्या. त्या पुन्हा भरण्यासाठी कोणी घेणार नाही, भंगारातच जातील.

लोहचुंबक फिरवल्यावर अगदी पितळी दिसणाऱ्या काही पुंगळ्या टपकन चिकटल्या, म्हणजे त्या आतून पोलादी आहेत. त्या बाजूला काढल्या. आत विजेरी मारून पाहिले, तेव्हा बहुतेकींच्या तळाला मधोमध एकच छिद्र दिसले, काहींना मात्र दोन आहेत. एक छिद्र असलेल्या बॉक्सर पद्धतीच्या पुंगळ्यांचा वापरलेला प्रायमर (बुडाशी बसवलेली, दारू पेटवणारी छोटी टोपी) सहज निघतो, त्यामुळे घरी काडतुसे भरणारे त्याच मागतात, एवढे यजमानांकडून कळले. (शिसे असते म्हणून हे सारे हातमोजे घालूनच चालले आहे.)

या पितळेत साधारण ७० टक्के तांबे असते, तरीही भंगारवाल्याने सांगितलेला भाव मला फारच कमी वाटला. प्रकारवार निवडून, धुऊन, छंदी लोकांना शेकड्याने विकल्यास त्या मेहनतीचे चीज होते का? प्रायमर आपणच काढून द्यावेत, की तसेच ठेवावेत? आणि भंगारात द्यायच्या पुंगळ्यांत चुकून जिवंत काडतूस राहू नये, यासाठी आपण कशी तपासणी करता?

अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.