‘विवा मारिया!’ महिला मंडळात दाखवावा का?

प्रश्न – कर्वेनगरची वाचक

आमच्या कर्वेनगरातील महिला वाचनमंडळात दर महिन्याला एक चित्रपट पाहून त्यावर चर्चा केली जाते. पुढील बैठकीसाठी मी लुई माल यांचा १९६५ सालचा ‘विवा मारिया!’ हा फ्रेंच चित्रपट सुचवला आहे. १९०७ साली मध्य अमेरिकेतील सान मिगेल नावाच्या कल्पित देशात हिंडणाऱ्या एका खेळमंडळीतील दोन कलावतींची ही कथा आहे. दोघींचेही नाव मारिया. एकीची भूमिका जान मोरोने केली आहे, दुसरीची ब्रिजित बार्दोने. बघता बघता त्या शेतकऱ्यांच्या उठावाच्या अग्रभागी येतात. मंडळातील दोन ज्येष्ठ सभासदांनी मात्र हरकत घेतली आहे. क्रांतीसारखा विषय हसण्यावारी नेला आहे आणि नायिकांना लोकप्रियता मिळते तीही रंगमंचावर वस्त्रे उतरवल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा चित्रपट स्त्रियांना क्रांतिकारक म्हणून खरोखर मानतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – वगप्रेमी, नारायण पेठ

चित्रपटाची सुरुवात सभासदांनी लक्षपूर्वक पाहावी, अशी माझी विनंती आहे. बार्दोची मारिया ही एका आयरिश बंडखोराची मुलगी असून, बापाच्या हाताखाली सुरुंग पेरतच ती लहानाची मोठी झाली आहे. बाप पुलावर जखमी होऊन पडतो आणि तिला बापासकट तो पूल उडवावा लागतो. विनोदी म्हणवणाऱ्या चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत हे घडते, त्यामुळे पुढे आपण कितीही हसलो तरी ती मुलगी मनातून जात नाही.

वस्त्रांच्या प्रसंगाविषयी सांगायचे, तर तो ठरवून झालेला नाही. ऐन गाण्यात बार्दोच्या मारियाचा घागरा फाटतो, क्षणभर तिची भंबेरी उडते, प्रेक्षक आरडाओरडा करतात आणि मग दोघी त्या अपघातालाच आपल्या खेळाचा भाग करून टाकतात. तमाशाच्या प्रेक्षकाला यात परके वाटावे असे काही नाही. लावणीसाठी जमलेल्या गर्दीपुढेच आपल्याकडे वग उभा राहिला, आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने त्याच लोकमंचावरून गिरणी कामगारांचे आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचे म्हणणे खेड्यापाड्यांत पोहोचवले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मोरोचा प्रसंग. तिला राजकारणातले काही कळत नाही. मरणाऱ्या प्रियकराला दिलेल्या शब्दाला जागून ती लढ्यात उतरली आहे. शेतकऱ्यांपुढे बोलण्याची वेळ येते तेव्हा ती शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मधील अँटनीचे भाषण म्हणते. नटीजवळ जे आहे ते पाठ केलेले शब्द आणि ते उच्चारण्याचा कसलेला आवाज. तेच ती उठावाच्या कामी लावते. हिला क्रांतीची चेष्टा मानायला मी तयार नाही.

उत्तर – इतिहासाची विद्यार्थिनी

वरील मताशी मी बरीचशी सहमत आहे, तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. ज्यांच्यासाठी हा उठाव आहे त्या शेतकऱ्यांना चित्रपटात स्वतंत्र चेहरा नाही; ते दोघींना संतांच्या जागी बसवतात आणि मागोमाग चालतात. चित्रीकरण मेक्सिकोत झाले, आणि त्याच मेक्सिकोत १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीत ‘सोल्दादेरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हजारो स्त्रिया सैन्याबरोबर चालत होत्या. दाणागोटा मिळवणे, चुली पेटवणे, जखमींची शुश्रूषा करणे हे सारे त्यांच्याकडे होते आणि कित्येकींनी बंदूकही चालवली. चर्चेत त्यांची छायाचित्रे जरूर दाखवावीत. दोन गोऱ्या नायिकांच्या मागे कोण झाकले गेले, ते त्यांतून उमगेल.

उत्तर – विधी महाविद्यालय रस्ता

हरकतीला जुना दाखला आहे. अमेरिकेतील डॅलस शहराच्या चित्रपट-वर्गीकरण मंडळाने हा चित्रपट सोळा वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य ठरवला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ साली, निकष मोघम आहेत या कारणास्तव, तो नियमच रद्द झाला. उलट पश्चिम बर्लिनमध्ये विद्यार्थी चळवळीचे नेते रूडी डुचके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गटाला याच चित्रपटाचे नाव दिले होते. सहपटकथाकार ज्याँ-क्लोद कारिएर यांनीच पुढे नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्यासाठी ‘महाभारत’ नाट्यरूपात आणले, हेही सभासदांना आवडेल. चौकट रुंद पडद्यासाठी रचलेली आहे, तेव्हा शक्यतो प्रोजेक्टरवरच दाखवावा.

कर्वेनगरची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. चित्रपट दाखवण्याचे नक्की केले आहे. हरकत घेणाऱ्यांपैकी एक बाई निवृत्त इंग्रजी शिक्षिका आहेत. अँटनीचे भाषण आधी त्यांनीच म्हणून दाखवावे, असे मी त्यांना विचारले आणि त्यांनी होकार दिला आहे. सोल्दादेरांची छायाचित्रे मी छापून आणते आहे.