फ्लॅटमध्ये लहान कुत्रा: पग, शिह त्झू की पॉम?

राजारामपुरी_तिसरा_मजला
नमस्कार. कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट नाही, एसी नाही, गॅलरी पश्चिमेकडं. दिवसभर घरात सासूबाई असतात, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी आठवीत आहे. पग, शिह त्झू आणि पॉम (पॉमेरेनियन) यांत घोळ चाललाय. एक जण ४५ दिवसांचं पॉमचं पिल्लू द्यायला तयार आहे. घ्यावं का? आणि इथल्या पावसाळ्यात काय सांभाळायचं?

स्पिट्झवाले_काका
ताई, ४५ दिवसांचं नको. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आईजवळ आणि भावंडांत खेळतानाच ते चावा हलका घ्यायला शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू पुढं हातापायांना दात लावत बसतं. पिल्लाची आई बघायला मिळाली नाही तर व्यवहार सोडून द्या.

एसी नसेल तर पग यादीतून काढा. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. जिभेवरचं आणि नाकातलं पाणी वाफ होऊन उष्णता जाते. पगाचं नाक आखूड, आतला टाळू लांब, नाकपुड्या चिंचोळ्या. मे महिन्यात तुमच्या गॅलरीत दुपारी चार वाजता त्याचं काय होईल ते बघा की. पावसाळ्यातही हवा दमट असल्यानं वाफ नीट होत नाही, त्यामुळं "पाऊस आला, सुटलो" असं नसतं.

आपल्याकडं पॉम म्हणून विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं. खरा पॉमेरेनियन दीड ते साडेतीन किलोचा, लहान आकाराचा स्पिट्झ पाच ते सात किलोचा. तुम्हाला स्पिट्झच बरा. नाक लांब, हाडं मजबूत, इथल्या हवेला सरावलेला. मात्र भुंकतो लई. बेल वाजली की चटईवर जाऊन बसायचं, हे पहिल्या महिन्यातच शिकवायला घ्या, नाहीतर शेजारी दारात येतील. उन्हाळ्यात केस भादरू नका. दुहेरी केसांचा थर ऊन अडवतो, आणि भादरलेले केस काही वेळा परत नीट येतच नाहीत.

ग्रूमिंग_कोल्हापूर
काकांचं पगाचं पटलं. शिह त्झूला मात्र त्यांनी विचारातच घेतलं नाही. तोंड त्याचंही चपटं, म्हणून दुपारी फिरवणं बंद. पण तो घरात शांत असतो, सासूबाईंजवळ तासन्‌तास बसेल. त्याचे केस दुहेरी थर असूनही वाढत राहतात, त्यामुळं दर सहा-आठ आठवड्यांनी आखूड कापून घेता येतात. तरी रोज दहा मिनिटं स्टीलची फणी फिरवायलाच लागते, ब्रश नुसता वरवर फिरतो. गुंता काखेत, कानामागं आणि पट्ट्याखाली होतो. आधी सोडवायचा, मग आंघोळ. ओला झालेला गुंता घट्ट बसतो. डोळ्यांचे कोपरे रोज कोमट पाण्याच्या कापसानं पुसा. एक डोळा मिटून धरला तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण बाहेर आलेल्या डोळ्यावर ओरखडा पटकन होतो.

कुठलाही छोटा कुत्रा घ्या, गळ्याला दोरी नको, छातीचा हार्नेस घ्या. या जातींची श्वासनलिका दोरी ओढल्यानं दबते, बदकासारखा खोकला लागतो. सोफ्यावरून उड्या कमी करा, गुडघ्याची वाटी सरकते. तीन मजले पिल्लाला उचलून न्या. आणि दात! लहान जबड्यात दाटीवाटीनं असल्यानं कीटण लवकर बसतं. कुत्र्यांची टूथपेस्ट वापरा, माणसांची नको.

गोचीड_विरोधी
जातीवर एवढी चर्चा झाली, पण इथं घात करतो तो गोचीड ताप. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत राहते. एक मादी हजारांनी अंडी घालते. नुसत्या कुत्र्यावर औषध टाकून भागत नाही, फटीही साफ करायला लागतात.

महिन्यातून एकदा मानेवर टाकायचं औषध, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं चघळायची गोळी. मानेवरचं टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी लावणं नको. ताप, खाणं बंद, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी दिसली तर प्लेटलेट आणि रक्ताची काचपट्टी तपासून घ्या, दोन दिवस वाट बघू नका. घरातली पॅरासिटामॉल अजिबात नाही.

लसी: सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. लेप्टोस्पायरोसिस असलेली लसच मागा. पंचगंगेचं पाणी चढतं त्या काळात उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून तो आजार पसरतो, आणि माणसालाही होतो.

राजारामपुरी_तिसरा_मजला
म्हणजे स्पिट्झ, आणि आठ आठवडे झाल्यावर. खायला काय? घरात रविवारी मटण असतंच, पांढरा रस्सा भाकरीवर घातला तर चालेल का?

स्पिट्झवाले_काका
नको. लसूण आणि कांदा त्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, तेलकटपणानं स्वादुपिंड सुजतं. शिजलेली हाडंही नकोत, चिरफाळ्या आतड्यात रुततात. मसाला पडायच्या आधी मीठ न घातलेले उकडलेल्या मटणाचे दोन तुकडे बाजूला काढा. पूर्ण वाढलेल्या पाच किलोच्या स्पिट्झला कोरडं खाद्य दिवसाला साधारण ९० ते १०० ग्रॅम, दोन वेळा मिळून; तुकडे दिले तर तेवढं कमी करा. बरगड्या हाताला लागायला हव्यात, डोळ्याला दिसायला नकोत. तीन महिन्यांपर्यंत मात्र दिवसातून चार वेळा. उपाशी राहिल्यावर पिल्लू लडखडलं, तर हिरडीला मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.