वणव्याच्या धुराची सूचना कुणाला कशी सांगावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हाचा धूर इथे कुणी विसरलेलं नाही. येत्या उन्हाळ्याआधी गावासाठी धुराबद्दलच्या सूचना तयार करायच्या आहेत. पण एकच मजकूर सगळ्यांना पाठवून भागणार नाही, असं माझं मत झालंय.

उदाहरणार्थ, 'दारं-खिडक्या बंद करून घरात बसा.' फ्लॅटमध्ये ठीक. आमच्या कौलारू घरात धूर वरून शिरतो, त्याचं काय? स्लॅबची एक खोली निवडून तीच नीट बंद ठेवा, तिथे अगरबत्ती-चूल नको, असं सांगणं जास्त उपयोगी वाटतं.

काजूवाल्यांचं आणखी वेगळं. बोंडं गोळा करायला ते पहाटे बाहेर पडतात आणि दरीतला धूर नेमका तेव्हाच खाली साचलेला असतो. ऐन हंगामात 'बाहेर पडू नका' कोण ऐकणार? तोंडाला ओला टॉवेल बांधतात, पण धुरातले अगदी बारीक कण (पीएम 2.5) त्याने अडत नाहीत. एन-95 मास्क नीट घट्ट बसला तरच उपयोग. उकाड्यात तो कितपत टिकेल, देव जाणे.

दमेकरी म्हातारे, गरोदर बायका, अंगणवाडीतली पोरं आणि बागायतीतले कन्नड बोलणारे मजूर यांच्यापर्यंत कसं पोचायचं? आवाजी निरोप, देवळातला भोंगा की आशाताई? कुणी असं काम केलं असेल तर नमुना पाठवाल का? मराठी-कोंकणी दोन्ही चालेल.