दिवस मावळल्यावर ठाण्याजवळचं येऊरचं जंगल रिकामं असावं, असं माझं मत आहे. तुमचं?

पाचपाखाडीकर

गेल्या शनिवारी मेव्हण्याच्या पन्नाशीचं जेवण येऊरला होतं. रात्री साडेदहाला खाली उतरताना एका वळणावर सगळ्या गाड्या थांबल्या. रस्त्याच्या मधोमध भेकर, म्हणजे लहानसं रानहरीण, उभं होतं. वरून उतरणाऱ्या गाड्यांचा उजेड, खालून चढणाऱ्यांचाही उजेड, त्यात ते थिजून गेलेलं. लोकांनी काचा खाली करून मोबाइल बाहेर काढले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला आणि त्याने थेट उताराकडे उडी घेतली. खाली किती खोल होतं ते अंधारात दिसलं नाही. त्या रांगेत माझीही गाडी होती, ते काही केल्या मनातून जात नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. दिवस मावळला की येऊर रिकामं झालं पाहिजे. पाड्यांवरची आणि तिथे कायम राहणारी माणसं सोडली तर चेकनाक्याच्या वर एकही गाडी जाऊ नये. बंगल्यांवरच्या पार्ट्या नकोत, टर्फवरचे, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानांवरचे, दिवे नकोत, वाढदिवसाचे फटाके तर नकोतच.

येऊर म्हणजे उपवनच्या मागची नुसती टेकडी नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ती ठाण्याकडची बाजू आहे. अख्खं उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, आणि त्याला लागून मुंबई-ठाण्याची एवढी वस्ती. बिबट्या दिवसा दडून असतो, अंधार पडला की निघतो. आपण नेमके त्याच वेळी वर जातो. उरलेलं अन्न तिथेच पडतं, त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या रस्त्यापर्यंत, वस्तीपर्यंत येतो. २० फेब्रुवारी २०१९ ची पहाट जुन्या लोकांना आठवत असेल. मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला होता आणि शेवटी समतानगरमधल्या एका हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडावं लागलं.

दिवसा मात्र जरूर जा, पोरांना घेऊन जा, पण पायी. २०२४ ला कारवी फुलली तेव्हा मी दोन्ही मुलांना पहाटेच वर नेलं होतं. आठ वर्षांनी एकदा फुलते ती. पुढच्या बहराला माझी थोरली नोकरीला लागलेली असेल. त्या जांभळ्या उतारासमोर धाकटा कितीतरी वेळ काही न बोलता उभा होता. सहल म्हणजे मला तेवढंच हवं असतं.

आणि संध्याकाळी बाहेर पडायला ठाण्यात जागा कमी आहेत का? तलावपाळी आहे, कचराळी आहे, उपवन आहे, गडकरी रंगायतनला नाटक आहे. तलावांचं शहर म्हणवतो आपण. मग जंगल रात्रीचं कशाला हवं?

निशा वर्तकनगर

दादा, भेकराचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुमची यादी एकदा माझ्या घरात बसून वाचा.

वन बीएचके. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. दोघंही नोकरीला, मला शनिवारीही अर्धा दिवस असतो. मुलाच्या वाढदिवसाला वीस माणसं मी कुठे बसवू? कचराळीला संध्याकाळी चालणाऱ्यांच्या रांगेतच चालावं लागतं, पोरगं पळालं की ‘अहो, मुलाला धरा’. तलावपाळीला बोटीची एक फेरी आणि एक आईस्क्रीम झालं की परत फिरायचं. मॉलमध्ये गेम झोनचं कार्ड भरलं की अर्ध्या तासात रिकामं, मग रडारड. नाटक मला स्वतःला आवडतं, पण पाच वर्षांच्या मुलाला तीन तास खुर्चीत कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

मे महिन्याच्या शेवटी चार कुटुंबांनी मिळून येऊरला एका बंगल्याचं अंगण घेतलं. डबे घरून नेले. गाणी लावली नाहीत. मुलं मातीत खेळली, दोऱ्यांवरून उड्या मारल्या. आणि साडेआठच्या सुमारास झाडीत काजवे लागले. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा काजवे पाहिले. ठाण्यात जन्मलेला मुलगा आहे, त्याला गाव नाही, आजोळ डोंबिवलीचं. तुमच्या नियमाने त्याला काजवे कधी दिसणार? दिवसा?

पाचपाखाडीकर

निशाताई, काजव्यांना माझ्याकडे उत्तर नाही, हे आधी कबूल करतो. पण तेच काजवे उजेडाने संपतात. नर-मादी एकमेकांना त्या लुकलुकण्यावरच शोधतात. शेजारी टर्फचा दिवा लागला की त्यांची खूण बुजते. तुम्ही चार कुटुंबं गाणी न लावता बसलात, पण शेजारच्या बंगल्यावरच्यांनी तसंच बसायचं हे कोण ठरवणार?

रात्रपाळी महापे

टर्फवर खेळणाऱ्यांपैकी मी एक. वय चोवीस. महाप्याला कंपनीत आहे, सुटायला नऊ वाजतात. दहा जण जमायला साडेदहा. त्या वेळेला ठाण्यात कुठलं मैदान उघडं असतं? लहानपणी ज्या मैदानावर खेळलो तिथे आता कधी लग्नाचा मांडव, कधी प्रदर्शन, कधी सभेच्या खुर्च्या. मोठ्या मैदानांवर क्लबच्या नेट लागलेल्या असतात, आमच्यासारख्यांना आत सोडत नाहीत. आम्ही दारू पीत नाही, दोन तास बॉक्स क्रिकेट खेळतो आणि घरी जातो. आठवड्यातून एकदाच. तेवढ्या आधारावर पुढचा आठवडा निघतो, हे अतिशयोक्तीने लिहीत नाहीये.

आणि डोंगराच्या पोटातून बोरिवलीपर्यंत जुळ्या बोगद्याचा सुमारे ११.८ किलोमीटरचा रस्ता होतोय. तेव्हा हा धागा कोणी काढला नाही. जंगल आठवतं ते आमच्या चेंडूच्या आवाजाने.

माजिवड्याचा पक्षीवाला

महापेवाल्या मित्रा, बोगद्यावर वेगळा धागा काढ, मी पहिला विरोधात लिहीन. पण बोगदा होतोय म्हणून टर्फ चालेल, हा हिशेब मला पटत नाही. मग कुठलीच गोष्ट थांबवता येणार नाही.

मी आठ-नऊ वर्षं येऊरला पहाटे जातो. टर्फचा उजेड साधा नसतो. खांबावरचे चार-सहा दिवे एका मैदानापुरते राहत नाहीत, समोरचा अख्खा उतार पांढरा होतो. घुबडं, रातवे अंधारात शिकार करतात, त्यांची जागाच जाते. येऊरच्या बेकायदा टर्फचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं ते उगाच नाही. टर्फ हवं तर घोडबंदर रोडला आहेत की.

रात्रपाळी महापे

घोडबंदर रोडला साडेदहाला पोचायचं? तुम्ही पहाटे जाता म्हणून तो रस्ता तुम्हाला मोकळा दिसतो.

येऊरची

मी वरच राहते, पाड्यावर. आम्ही वारली. धागा भावाने दाखवला. पाड्याचं नाव लिहीत नाही.

माझी दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. शनिवार-रविवार खालच्या अंगाला एका बंगल्यावर डीजे असायचा. खिडकीला फळी लावली, कानात कापूस घातला, तरी छातीत धडधड यायची. आजीला एका रात्री दम लागला, तेव्हा उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत आमची रिक्षा पाऊण तास अडकली. सकाळी उठून बाटल्या आम्ही वेचतो. त्या फुटल्या की गाईच्या खुरात जातात.

म्हणून रात्रीचं बंद करा, यात मी काकांच्या बाजूने आहे. पण ‘पाड्यावरची माणसं सोडून’ हे लिहायला सोपं आहे. बंदी आली की अडवायला पहिले आम्हीच सापडू ही भीती आहे. माझा मामा भिवंडीकडून कामावरून सुटून रात्री येतो. त्याने रोज आधार कार्ड दाखवून बहिणीच्या घरी यायचं का? आमच्याकडे हळद असली, बारसं असलं की पाहुणे रात्रीच येतात. ते नियमात कसं बसवणार ते आधी ठरवा, आणि ठरवताना आम्हाला बसवून विचारा.

दुसरं. सकाळी येणाऱ्या लोकांवर आईचे चार पैसे आहेत. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. पाऊस सुरू झाला की शेवळं, मग कंटोळी. सकाळची माणसं थांबतात, ही भाजी कशी करायची विचारतात, शेवळं खाजतात म्हणून काकडं (आंबट रानफळं) घालायची हे आई प्रत्येकाला न कंटाळता सांगते. रात्रीची गाडी थांबत नाही. त्या अंगणाचं भाडं बंगल्याच्या मालकाला जातं, पाड्यात येत नाही.

कळवा, वय ७१

पोरीने मुद्द्याचं लिहिलं. माझी मात्र पाचपाखाडीकरांच्या दुसऱ्या वाक्याला हरकत आहे. दिवसा, पण पायी म्हणता. माझे दोन्ही गुडघे गेलेत. उपवनपासून चढ चढून मी वर येणार कसा? मुलगा महिन्यातून एकदा गाडीने नेतो, आम्ही दोघं म्हातारी एका झाडाखाली सतरंजी टाकून बसतो, हिने केलेली पोळी-भाजी खातो आणि चार वाजता उतरतो. तुमच्या नियमात पायाने धड असणाऱ्यांनाच जंगल मिळेल. टीएमटीची बस वर जाते, पण तिच्यात चढायला कोणाचा तरी हात लागतो आणि रविवारी उभं राहायला जागा नसते. गाड्या बंद करायच्या तर आधी बस वाढवा. आम्ही तलावपाळीच्या बाकांवरच उरलेले दिवस काढावेत असं तुमच्या मनात नसेल, पण लिहिलंत त्याचा अर्थ तोच होतो.

ऐरोली खाडीकाठ

थोडं विषयाच्या कडेने लिहिते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली दुसरं स्टेशन. इथे वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, जवळपास १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

सांगायचा मुद्दा वेगळा आहे. बोटीची वेळ भरतीप्रमाणे ठरते. आज सकाळी सातला असेल, पुढच्या आठवड्यात दुपारी. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे. तुम्हाला ऑगस्टात सुट्टी असली तर पक्षी नाहीत. मी दरवर्षी माहेरच्या माणसांना घेऊन जाते, कोणीही म्हणत नाही की माझ्या सोयीने बोट सोडा. भाऊ जळगावहून येतो तोसुद्धा आधी भरतीची वेळ विचारतो, मग रेल्वेचं तिकीट काढतो. खाडीची वेळ आपण मानतो. मग जंगलाची वेळ मानायला इतकं जड का जावं?

निशा वर्तकनगर

ताई, बोटीत सहा जणांची तिकिटं काढली तर माझी महिन्याची हौस एका सकाळी संपते. खाडी पाळते ती शिस्त चांगली आहे, पण ती तिकिटाच्या आत आहे. मला फुकट किंवा थोडक्यात होणारी जागा हवी आहे. ठाण्यात ती दर वर्षी कमी होत चालली आहे. नवीन मोठी उद्यानं होतात, सुंदर होतात, दारावर तिकीट लागतं. तुम्ही सगळे येऊरबद्दल भांडताय, पण मूळ रडगाणं हे आहे की खाली जागा नाही म्हणून आम्ही वर जातो.

पाचपाखाडीकर

दोन दिवस विचार करून लिहितोय.

कळव्याच्या काकांचं शंभर टक्के मान्य. ‘पायी’ हा शब्द मी मागे घेतो. दिवसा वयस्करांच्या गाड्या आणि जास्तीच्या बसेस चालाव्यात. येऊरच्या ताईने लिहिलेलं तर मला सुचायलाच हवं होतं. नियम ठरवताना पाड्यांची संमती आधी, नाहीतर तो नियम नको.

टर्फच्या बाबतीत मी हलणार नाही. मात्र महापेच्या मित्राची मागणी मला न्याय्य वाटते. महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळनंतर कुलूप लावून पडलेली असतात. ती रात्री बारापर्यंत, दिवे लावून, नाममात्र पैशांत खेळायला द्यावीत. शहरात दिवे लागले तर कुठल्या काजव्याचं काही जात नाही. या मागणीचं निवेदन मी लिहितो, सह्या गोळा करायला कोण येणार ते सांगा. आणि निशाताई, काजव्यांसाठी पावसाआधीच्या ठरावीक रात्री, दहा-बारा माणसांचा गट, पाड्यावरचा वाटाड्या, टॉर्च बंद, गाडी नाक्याखाली. वाटाड्याचे पैसे थेट पाड्याला. एवढं चालेल?

रात्रपाळी महापे

सह्यांना मी येतो, ऑफिसमधले तीस-चाळीस जण आणतो. शाळेचं मैदान मिळालं त्या दिवशी येऊर सोडलं. तोपर्यंत सोडणार नाही, खोटं कशाला सांगू.

निशा वर्तकनगर

बारा माणसांत माझी चारच कुटुंबं मावतील की नाही शंका आहे, तरी चालेल. वाढदिवसाच्या अंगणाचा प्रश्न तसाच राहिला, तो मी सोडलेला नाही. येऊरच्या ताई, या रविवारी सकाळी आम्ही चौदा जण आलो तर पाड्यावर कोणी जेवण करून देईल का? जे असेल ते.

येऊरची

देतील. तांदळाची भाकरी, कोंबडी, न खाणाऱ्यांना वालाची भाजी. शनिवारी दुपारपर्यंत माणसं नक्की कळवा म्हणजे तांदूळ दळायला टाकता येईल. सातच्या आत या, नंतर ऊन लागतं आणि लहान मुलं कंटाळतात. प्यायचं पाणी आपलं आणा, विहिरीला उन्हाळ्यात कमी असतं. बाटल्या मात्र परत न्या.